जुडीतली फोडशी

पाड्यावरून निघाले त्या सकाळी आई रडली नाही, मीही रडले नाही. राबाची पेरणी तोंडावर होती, रडायला सवड कोणाला? तिने माझ्या पदराच्या गाठीत पाच-सहा करांदे बांधून दिले आणि म्हणाली, "दाराशी लाव. वेल मांडवावर चढला की घर झालं समज." बारवीच्या बाजूच्या आमच्या पाड्यावरून बदलापूरपर्यंत मी आणि नवरा चालत आलो, तिथून टेम्पोने उल्हासनगर.

कॅम्प नंबर तीनमध्ये नवऱ्याची खोली होती. तो कपड्याच्या कारखान्यात कटिंगला होता. दारासमोर गटार, गटारावर फरशी, फरशीवर शेजाऱ्याची शिलाई मशीन. करांदे लावायला बोटभर माती नव्हती. आठ दिवसांनी ते उकडले आणि मीठ लावून खाल्ले. चांगले लागले.

पाड्यावर राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं निघून गेलेल्यांनो, तुम्हा दोघांनाही सांगायचं आहे म्हणून लिहिते. मी चौथी शिकलेली, लिहिण्याची सवय नाही. चुका तुम्ही सुधारून घ्या.

त्या खोलीत माझी सारी उमर गेली. शेजारच्या सिंधी काकूंकडून कमलकाकडी करायला शिकले. हिंदी शिकले, भावही करायला शिकले. पावसाळ्यात बाजारात आपल्याकडच्या बायका रानभाजी घेऊन बसायच्या. मी दरवर्षी फोडशी घ्यायची आणि शेजारणींना ऐटीत सांगायची, "ही आमच्या डोंगरातली. तुम्हाला नाही कळायची." खोटं नव्हतं ते. तेव्हा तरी नव्हतं.

नवरा गेला. मुलगा रमेश आणि सून स्मिता यांनी बदलापुरात मांजर्लीला तळमजल्याचा फ्लॅट घेतला आणि मला घेऊन आले. फ्लॅटच्या मागे मातीची पट्टी आहे, आठ पावलं लांब आणि तीन पावलं रुंद. आधीच्या मालकाने काय काय लावलेलं, नदीच्या पुराबरोबर काय काय वाहून आलेलं, सगळं माजलं होतं. रमेश म्हणाला, "आई, साप येतील. फरशी टाकून घेऊ."

मी नको म्हटलं. इतक्या वर्षांनी पायाखाली माती आली होती. स्मिताने मध्यममार्ग काढला. ती साताऱ्याकडची, शाळेच्या ऑफिसात काम करते, तिला सगळं कागदावर लागतं. "आई, तुम्ही एकेक झाड ओळखा, मी लिहिते. ज्याचं नाव आणि काम सांगाल ते ठेवू. जंगल असेल तर फरशी."

मी अडुळसा सांगितला, गुळवेल सांगितली, टाकळा, कुर्डू, आघाडा, पानफुटी सांगितली. तीन-चार झाडं नर्सरीतली होती, त्यांच्यापुढे मात्र माझं तोंड बंद झालं. आणि कोपऱ्यात बारीक लांब पातींचा दाट झुपका होता. स्मिताने मोबाईलवर फोटो काढला. "आई, हा रेन लिली म्हणतोय. शोभेचं आहे."

"मोबाईलने कधी भाजी निवडली आहे का?" मी म्हटलं. "फोडशी आहे ती. उद्या करून घालते."

"नक्की ना?"

"इथल्याच डोंगरात जन्मले मी. तू माणदेशातली, तुला गवत आणि भाजी सारखंच."

मी विळ्याने झुपका कापला आणि निवडायला बसले. फोडशीच्या बुडाशी पांढऱ्या भागात एक कडक दोर असतो, तो काढून टाकावा लागतो. या पातीत दोर नव्हता. हाताला ते कळलं होतं. पण मी मनाशी म्हटलं, कोवळी आहे. कांदा आणि भिजवलेली चणाडाळ घालून भाजी केली.

आमच्या पाड्यावर वर्षाची पहिली रानभाजी देवापुढे ठेवतात आणि पहिला घास घरातली सगळ्यात म्हातारी बाई खाते. बाकीचे तिचं जेवण होईपर्यंत थांबतात. ही रीत मी खोलीतही पाळली. त्या दिवशीही रमेश आणि स्मिता ताटं घेऊन थांबले, मी जेवले. चव लागली नाही. मीठ कमी पडलं, असं मीच म्हणाले. हात धुतले न धुतले तोच उलट्या सुरू झाल्या.

दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरने विचारलं, "काय खाल्लं आजी?" कापून उरलेला झुपका स्मिताने मुळासकट उपटून आणला होता, तो पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. बुडाशी छोटे छोटे कांदे लटकत होते. फोडशीला कांदा नसतो, बोटांसारख्या पांढऱ्या मुळ्यांचा घोस असतो. हे मला सहाव्या वर्षी माहीत होतं.

पडल्या पडल्या मला कळलं की काय झालं. इतकी वर्षं मी फोडशी पाहिली ती दोऱ्याने बांधलेल्या जुडीत, मुळं कापलेली. मला जुडी ओळखता येत होती. झाड मी केव्हाच विसरले होते.

"माझं चुकलं," मी डॉक्टरला म्हटलं. "हिचा मोबाईल बरोबर होता."

घरी आल्यावर रमेश म्हणाला, "सोमवारी फरशीवाला येतोय." त्याचं बरोबरच होतं. एक नाव चुकलं, तर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवणार? मीही ठेवला नसता.

मी हिराला फोन केला. हिरा माझी धाकटी बहीण, पाड्यावरच राहिलेली. आजवर मी तिला शहाणपण सांगायलाच फोन केला होता, विचारायला हा पहिलाच. रविवारी सकाळी ती वडापच्या जीपने आली आणि आधी तिने हसून घेतलं. "शेरात जाऊन गवत खाल्लंस गं ताई? आपली म्हस पन हुंगून खाते!"

स्मिताने मला ओट्यावर बसवलं. "आई, तुम्ही बोलायचं नाही." माझ्या नावांचा कागद तिने पाठीमागे धरला आणि हिराला पट्टीत सोडलं. हिरा झाडापाशी बसायची, माती उकरायची, मूळ बघायची, पान चुरून हुंगायची, मगच नाव घ्यायची. अडुळसा. गुळवेल. टाकळा. स्मिता कागदावर खुणा करत होती आणि मी तिच्या हाताकडे बघत होते.

नर्सरीच्या झाडांपाशी हिरा आली आणि लगेच म्हणाली, "मला नाय म्हाईत. आमच्याकडचं नाय ते." एवढं बोलून पुढे गेली. त्यात तिला काही कमीपणा वाटला नाही.

रमेश दारात उभा होता. स्मिताने कागद त्याच्या हातात दिला. "फोडशी सोडून सगळी जुळली."

"म्हणजे आता फरशी नाही?"

"कोपऱ्यात टाक. वॉशिंग मशीन ठेवायला जागा पाहिजेच आहे मला. बाकीची माती राहू दे. आणि आई, तुम्ही आणि हिरामावशी दोघींनी ओळखल्याशिवाय भाजी चुलीवर चढणार नाही."

"कबूल," मी म्हटलं.

कोपरा गेला. लिलीचे कांदे मी कुंडीत लावले, त्यांनी काही मला खा म्हणून सांगितलं नव्हतं. स्मिताने प्रत्येक झाडापाशी नावाची पट्टी खोचली आहे. नर्सरीच्या झाडांच्या पट्ट्या कोऱ्या आहेत, मोबाईल त्यांची रोज वेगळी नावं सांगतो.

निघताना हिरा म्हणाली, "चार दिवस चल, जिती फोडशी दाखवते." जाईन म्हटलं, पण चार दिवस नाही, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. पाड्यावरची झाडं मला विसरून जगली, आणि बरी जगली. इथल्या कोऱ्या पट्ट्यांना पाणी घालायला मीच आहे.