पार्किंगमधली लक्ष्मीची पावलं

ऑइलपेंटचा वास आला की तेलीबांध्याच्या आमच्या सोसायटीचं पार्किंग आठवतं आणि मला एकटीलाच हसू फुटतं. तिथे गाड्यांवरून रोज भांडणं व्हायची, म्हणून पांढरे पट्टे मारायचं ठरलं. पेंटर बोलवायची गोष्ट निघाली तेव्हा मी भर मीटिंगमध्ये तोऱ्यात म्हणाले, "दरवर्षी रांगोळीत पहिली येते मी, मले काहाले पाहिजे पेंटर?" नवरा कानात पुटपुटला, "काहून हसं करून घेऊन राहिली?" पण ऐकेल ती मी कुठली. दुपारभर सुतळी ताणून पट्टे मारले, आणि ते सरळ आले हो. तिथेच थांबले असते तर शहाणी ठरले असते. पण डब्यात रंग उरला, महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या, म्हणून प्रत्येक जागेत लक्ष्मीची दोन-दोन पावलं काढून टाकली. रंग वाळला तरी पार्किंग रिकामं आणि गाड्या सगळ्या बाहेर रस्त्यावर. शेजारीण म्हणाली, "काकू, लक्ष्मीच्या पावलावर चाक कसं चढवू?" शेवटी पेंटर बोलावला, तर त्यानंही चपला काढून हात जोडले, "दीदी, हमसे नहीं होगा. आपने बनाए हैं, आप ही मिटाइए." मग काय, अख्ख्या सोसायटीसमोर पदर खोचून मीच टर्पेंटाइननं पावलं पुसत बसले. आमच्या जागेतली तेवढी, गुडघा धडधाकट असूनही दुखतो असं सांगून, तशीच ठेवली. आता मी आजी झाले, तरी तिथे दुसऱ्या कुणाची गाडी लागत नाही. आमची लागते; ती मी चालवते, आणि लक्ष्मीशी माझं बोलणं झालेलं आहे.