डाव्या अंगाची

माझ्या सासऱ्यांनी मला बैलाच्या पंगतीत बसवलं, आणि त्या दिवसापासून मी त्यांची ऋणी आहे. हसू नका, आधी पुरतं ऐकून तर घ्या.

सासरे म्हणजे किसनराव, धामणगाव बढ्याचे. घरची कपाशी-ज्वारी, दावणीला दोन जोड्या. माणूस असा मितभाषी, की शब्दाला जणू जकात पडते. त्यातून सुनेशी थेट बोलायची त्या घरात रीतच नव्हती. मी समोर कपबशी घेऊन उभी असले, तरी माझ्या नवऱ्याकडे, वैजनाथकडे, बघून म्हणायचे, "चहा झाला का, विचार." मी मेहकरच्या कारकुनाची लेक, नाव प्रेमला, पण तोंडाची भारी फटकळ. मला हा प्रकार असा जाचायचा म्हणता!

वैजनाथ बुलढाण्याला शाळेत मास्तर होते. आमच्या दोन खोल्या आणि पुढे अंगण. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. चीनच्या लढाईनंतर बायकांनाही बंदूक शिकवायचं वारं सुटलं होतं, तेव्हा मीही रायफल क्लबात नाव घातलं. रायफल मला जड जायची, पण पिस्तूल हातात आलं आणि जीवच जडला. पुढे नागपूरच्या सामन्यांना आमच्या क्लबातून दोन बायका पाठवायचं ठरलं. मला जायचं होतं. लग्नाआधी नाही, लग्नानंतर नाही, मी स्वतःसाठी म्हणून कधी काही मागितलं नव्हतं. हे मात्र मला हवं होतं. भाकरी थापायला बसलं तरी डोळ्यांपुढे चांदमारीच्या निशाणाचा काळा ठिपका यायचा.

शिकवायला फौजेतून निवृत्त झालेले रामराव होते. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. नागपूरला एक फेरी अशी होती, की पिस्तूल कमरेच्या होल्स्टरमध्ये ठेवून उभं राहायचं आणि शिट्टी झाली की काढून झाडायचं. होल्स्टर ज्याचं त्यानं आणायचं. उस्तादांनी आम्हाला बसवून समजावलं. चामडं जाड हवं. आत घोडा पुरता झाकला गेला पाहिजे. पिस्तूल घालून उलटं धरून हलवलं तर पडता कामा नये, आणि एका ओढीत सुटलंही पाहिजे. तोंड उघडं राहायला हवं, म्हणजे परत ठेवताना खाली बघावं लागत नाही. पट्टा असा, की वजनानं एका बाजूला लोंबणार नाही. कानात घालायला कापूस मात्र घरचा आणा म्हणाले, आपल्या जिल्ह्यात त्याला काय तोटा!

आम्ही नवरा-बायको मलकापूरला गेलो. स्टेशनजवळ पोलिसी सामानाचं दुकान होतं. वैजनाथांचं मन बसलं एका झालरीवाल्या होल्स्टरवर, सिनेमातल्या घोडेस्वाराच्या कमरेला असतं तसल्या. मी लाकडाचं पिस्तूल बरोबर नेलं होतं. सुतारानं क्लबातल्या पिस्तुलाच्या मापानं करून दिलेलं, घरी सरावाला. ते त्यात घालून उलटं धरलं, तर धाडकन दुकानदाराच्या पायावर. दुकानदार एक पाय उचलून नाचला आणि वैजनाथांनी ते परत ठेवलं. मग एक साधं, बिनझालरीचं घेतलं. चांगलं होतं. उजव्या कमरेचं होतं, सगळीच तशी होती.

आणि गोम तिथंच होती. मी डावरी. लहानपणी आईनं माझा डावा हात चिंधीनं पाठीशी बांधून ठेवला, शाळेत त्याच हातावर छड्या बसल्या. "सगळं उलटंच करते कार्टी," हे माझं दुसरं नाव. शेवटी जेवणं, लिहिणं, वाढणं सगळं उजव्या हातानं शिकले. लोकांना वाटलं, खोड मोडली. पण पाय घसरला की भिंतीला डावाच हात जायचा. पिस्तूल मी उजव्या हातानंच धरत होते. क्लबात कुणाला मी काही बोलले नव्हते, आणि गोळ्या मात्र ठिपका सोडून भलतीकडेच जात होत्या.

त्याच सुमारास बैलाचा पाय पडून मामंजींच्या पायाचं हाड मोडलं. बुलढाण्याच्या दवाखान्यात प्लॅस्टर घातलं आणि ते आमच्याकडे राहायला आले. सासूबाई, गीताबाई, बरोबर. मामंजी दिवसभर अंगणात बाजेवर. करायला काही नाही, म्हणून बघत बसायचे. बघायला अंगणात होतं काय, तर मी! डोक्यावरून पदर, कमरेला पट्टा, पट्ट्याला होल्स्टर. वैजनाथ तोंडानं शिट्टी घालायचे, मी लाकडाचं पिस्तूल काढायची. दर वेळी आधी डावा हात उठायचा, मी त्याला आवरायची, मग उजवा जायचा. सासूबाई म्हणायच्या, पिस्तुलाची पिशवी गळून राह्यली का काय, अशी काऊन अडखळते?

असे काही दिवस गेले. एका सकाळी मामंजींनी वैजनाथकडे न बघता सरळ माझ्याकडे बघितलं. लग्नानंतर पहिल्यांदा.

"माय, तू त डाव्या अंगाची हायेस," ते म्हणाले. "तुले उजवीकून कोनं जुपलं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात. सून काय बैल आहे? मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते पुढे बोलायला लागले, आणि मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या तरुणपणी चांदा नावाचा एक बैल होता. अंगानं भक्कम, पण नांगराला उजवीकडे जुपला की तासातच, म्हणजे नांगरलेल्या चरातच, बसायचा. मामंजींनी त्याला आळशी ठरवलं आणि पेरणीपर्यंत रोज बडवलं. मग एका म्हाताऱ्यानं सांगितलं, अरे, हा डाव्या अंगाचा आहे, बाजू बदलून बघ. बदलली. तास सुतासारखं सरळ पडलं.

"म्या त्याले फुकटचा मारला," मामंजी म्हणाले. "तुलेबी कोनं तरी असाच फुकटचा मार देला असंन."

मला रडूच आलं हो. माझ्या आईनं, मास्तरांनी, कुणी कुणी जे मनावर घेतलं नाही, ते या माणसानं बाजेवर बसून ओळखलं होतं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी वैजनाथना धामणगावला पिटाळलं. तिथं मोतीराम बैलांचा साज शिवायचा. दुकानातलं होल्स्टर आणि लाकडी पिस्तूल त्याच्यापुढे ठेवून सांगायचं, हेच उलट्या बाजूनं शीव. वैजनाथ मास्तर असूनही निरोप द्यावा तर कसा, "मामला डाव्या अंगाचा आहे, नीट कर" एवढंच बोलून आले. होल्स्टर आलं ते पाहून आम्ही सासू-सुनांनी तोंडावर पदर घेतला. चामडं दगडासारखं पक्कं, टाके मुंग्यांच्या रांगेसारखे, उलटं हलवलं तर पिस्तूल जागचं हलेना. आणि मोतीरामनं हाही बैलाचाच साज समजून खाली लावलेला, पोळ्याला बांधतात तसला लाल-हिरवा गोंडा, वर पितळी टिकल्या! गोंडा मी कापला, टिकल्या काढल्या. मोतीरामचे हात मात्र मी मनातल्या मनात ओवाळले. सासूबाईंनीही हात लावला. डाव्या खांद्यावरचा पदर मागून होल्स्टरवर यायचा, तो त्यांनी कापूस वेचायला जाताना खोचतात तसा कमरेला आवळून दिला. मग काय, माझा डावा हात सुटला. शिट्टीसरशी जायचा, काढायचा, थांबायचा. इतकी वर्षं कुठे दडून बसला होता कोण जाणे.

निवडीच्या दिवशी चिखली रस्त्याच्या डोंगरकुशीत चांदमारीवर गेलो. मामंजी हट्टानं टांग्यात बसून आले, प्लॅस्टरचा पाय पुढे ताणून. उस्तादांनी सगळ्यांचं सामान तपासलं आणि माझ्यापाशी थांबले. होल्स्टर उलटं हलवून पाहिलं, मान डोलवली. मग विचारलं, हे डावीकडे कसं? फौजेत डावा हात चालत नाही. एकीची नळी भलतीकडे वळली तर शेजारणीच्या जिवावर बेतेल. उजवीकडे लाव, नाहीतर बाजूला हो.

माणूस खोटं बोलत नव्हता. मी पट्ट्याला हात घातला, सोडायला. उजव्या हातानं माझी निवड होणार नाही, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही.

टांग्यातून मामंजींचा आवाज आला. हात जोडून बोलत होते.

"साहेब, तिले डाव्या टोकाले उभी करा, म्हंजे तिकून कोनीच नाही. एक खेप जुपून त पाहा. तास वाकडं पडलं त आमीच सोडून घेऊन जाऊ."

उस्ताद शेतकऱ्याच्याच घरचे निघाले. मिशीत हसले आणि मला रांगेच्या डाव्या टोकाला जायला सांगितलं. मी कानात कापूस घातला. शिट्टी झाली ती ऐकली की अंगानंच ओळखली, सांगता यायचं नाही. गोळ्या झाडून झाल्या, उस्ताद लक्ष्यापाशी गेले, कागदावरची भोकं बोटानं मोजली. परत येऊन नागपूरची दोन नावं सांगितली. पहिलं माझं होतं.

घरी आल्यावर मी पिठलं-भाकरी केली. पाय जमिनीवर ठरत नव्हते. मामंजींचं ताट मांडलं, तव्यावरची भाकरी उचलली आणि त्यांच्या पानात टाकली. सासूबाईंनी "अगं बाई" म्हणून तोंडाला पदर लावला, तेव्हा माझं माझ्या हाताकडे लक्ष गेलं. डावा! वडीलधाऱ्या माणसाला डाव्या हातानं वाढलं मी, घासातच अपशकुन. चुकलं म्हणत मी भाकरी परत घ्यायला वाकले.

मामंजींनी भाकरीवर हात ठेवला. सासूबाईंकडे बघितलं नाही, वैजनाथकडे बघितलं नाही. एक तुकडा मोडून तोंडात घातला, सावकाश खाल्ला, आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

"पिठलंबी वाढ, माय," ते म्हणाले. "त्याच हातानं."

मी वाढलं.