सातानं हाकललेल्या नऊ संख्या

पौषातल्या दुपारी आमच्या गच्चीवर ऊन इतके मऊ होऊन उतरते, की वाळत घातलेल्या मेथीचा कडवट गंधही उबदार वाटू लागतो. अशाच एका दुपारी माझी थोरली बहीण, आक्का, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाय लांब करून बाजेवर बसली होती आणि शेजारी मी माझ्या महाविद्यालयातल्या मुलांच्या गणिताच्या वह्या तपासत होते.

आक्काची शाळा सातवीत सुटली. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते आणि सिल्लोडजवळच्या आमच्या गावी मला वाढवायला दुसरे कुणी नव्हते. माझ्या प्राध्यापकीचे कौतुक निघाले, की म्हणूनच मला तिच्या डोळ्यांत पाहवत नसे. चारचौघांत तिच्या शिक्षणाचा विषय मी हळूच टाळत आले होते.

"काय इतकं चुकवलंय गं पोरांनी?"

मी कोडे सांगितले. एक ते नऊ हे अंक एकेकदाच वापरून अशी संख्या मांडायची, की तिच्या पहिल्या दोन अंकांच्या संख्येला दोनाने, पहिल्या तिनांच्या संख्येला तिनाने, असा थेट नवापर्यंत निःशेष भाग जावा. उत्तर सगळ्यांनी मोबाइलवरून उतरवले होते. अशी संख्या एकच का, हे मात्र कुणालाच सांगता आले नव्हते.

"उत्तर सांगू नको मला," म्हणत तिने जुन्या कॅलेंडरचे पान मागून घेतले.

तीन दिवस ते पान तिच्या उशाशी होते. चौथ्या सकाळी तिने ते माझ्यापुढे धरले.

"पाचव्या घरात पाचच बसतोय, दुसरं कुणी नाय. सम आकडे सम घरांत. मग चारानं, सहानं, आठानं चाळत गेले, तर दहाच संख्या उरल्या. सातानं त्यातल्या नऊ हाकलल्या."

खाली, ठळक अक्षरांत: ३८१६५४७२९. अडतीस कोटींहून मोठी ती संख्या आणि तिच्या एकटेपणाची, पायरीगणिक रचलेली, निर्दोष सिद्धता. मी दोनदा तपासली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मी तीच सिद्धता तिच्याच क्रमाने लिहिली. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, ही कुणाची रीत?"

"माझ्या बहिणीची," मी म्हणाले. "सातवीपर्यंत शिकलेली आहे." इतकी वर्षे टाळलेले ते वाक्य मी मान ताठ करून उच्चारले.

संध्याकाळी घरी आले ते हे सारे तिला सांगण्याच्या अधीरतेने. तिने अर्धवटच ऐकले.

"शेवटी शून्य लावलं की दहानंबी भाग जातोय बघ," ती पानावरून डोळे न उचलता म्हणाली. "आता पुढं काय व्हतंय, ते बघते."

पश्चिमेचा तांबूस प्रकाश तिच्या पांढऱ्या केसांवर रेंगाळत होता, बोट आकड्यांवरून सरकत होते. ती सातवीत थांबली, असे मला कुणी सांगितले होते?