मौसाजींनी पाहिलेली पिशवी

"पहिले दाखव, मंग बोल." मावशी माझ्या दुकानात शिरली की तिचं पहिलं वाक्य हेच. तुमच्याही वॉर्डात असं एखादं माणूस असेल, तेव्हा हसू नका. साबणाची वडी वेष्टन फाडून हुंगायची, तुरीची डाळ पोत्याच्या तळातून काढायला लावायची. "वरून सारेच चांगलं ठेवते," म्हणायची. बालाघाटात माझं किराणा दुकान आणि समोरचं घर तिचं, त्यामुळे सकाळची बोहणी भांडणानंच व्हायची.

तिच्या संशयातून कुणी सुटलं नाही. दूधवाला, मीटर पाहणारा, पोलिओचे थेंब पाजायला येणाऱ्या पोरी, सगळ्यांची उंबऱ्यावर उलटतपासणी. जावयाला म्हणे लग्न ठरण्याआधी बूटमोजे काढायला लावले होते, एखाद्या पायाला सहा बोटं असतील तर!

"असली तर काय बिघडतं?" मी विचारलं.

"बिघडत नाही. पण लपवाचं काहून?"

विश्वास होता तो फक्त नवऱ्यावर. मौसाजी भरवेलीच्या खाणीतून निवृत्त झालेले. बोलणं कमी, सायकल पुसणं जास्त. ते म्हणाले की मावशीसाठी विषय संपला.

मावशीची गर्भाशयाची पिशवी फार पूर्वीच काढली होती, रक्त खूप जायचं म्हणून. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. ऑपरेशन झालं की नर्स काढलेली पिशवी ट्रेमध्ये घेऊन बाहेर येते आणि घरच्यांना दाखवते, पाहून घ्या, काढली. मावशी तेव्हा बेशुद्ध, म्हणून मौसाजी पुढे झाले. "माह्या माणसानं डोयानं पाह्यली. पुरी काढली," हे ती मोठ्या तोऱ्यात सांगायची.

त्यामुळे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी वॉर्डात आली की ती नर्सबाईंना दारातूनच परतवून लावायची. नर्सबाई चिकाटीच्या. "मावशी, कधी कधी डॉक्टर पिशवी काढतात, पण तिचं तोंड आत तसंच ठेवतात. तुमचं काढलं का ठेवलं, एकदा पाहू द्या. ठेवलं असन तर तपासणी लागते."

मावशी माझ्याकडे वळायची. "आयकलं? घरच नाही अन् दार तपासाले आली. काहीतरी डाव आहे हिचा."

मी नर्सबाईंची बाजू घेतली, तर माझ्यावरच डोळे वटारले. "तुले काय भेटते यात?"

मग एका उन्हाळ्यात ती दुकानात आली आणि कशालाच हात लावला नाही. "अवो बाई," हळूच म्हणाली, "जे काढूनच टाकलं, तिथून रगत कसं येते?"

दुकान बंद केलं आणि तिला नि मौसाजींना घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, तुकडा तपासायला पाठवला. आठवड्यानं रिपोर्ट घ्यायला तिघंही परत गेलो. कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. "बच्चेदानी निकली है, लेकिन उसका मुँह अंदर ही है. बीमारी उसी में है," त्या म्हणाल्या.

मावशीनं मौसाजींकडे पाहिलं. "तुमी पाह्यली होती ना?"

मौसाजींची मान खाली. "ट्रे समोर आणला अन् मी डोये मिटून घेतले. मंग हौ म्हणलं."

मला वाटलं, आता ही त्यांना फाडून खाते. ती चक्क हसली. "खदानीत बारूद फोडणारा माणूस, घरी कोंबडी कापली का गल्लीत पळते. मले ठाऊक होतं, तरी तुमाले इचारलं नाही." मग उठून त्यांच्या शर्टाची कॉलर सारखी केली. "चला घरी. सकायपासून उपाशी आहे तुमी."

नंतर मी मौसाजींना म्हटलं, "पाहिलं असतं तरी तुम्हाला काय कळलं असतं? डॉक्टरनं सांगायचं ते."

"मले नसतंच कळलं," ते म्हणाले. "पण मी पाह्यली नाही म्हणलं असतं, तर तिनं त्या डॉक्टरले सोडलं असतं का? सारं इचारून आली असती."

त्या न सांगणाऱ्या डॉक्टरचा मला अजून राग येतो. आता दुकानात कुणी बाई "पिशवी काढली" म्हणाली, की मी तराजू थांबवून विचारते, "तोंडासकट?" बायका संशयानं पाहतात. पाहू देत.

दिवाळीच्या आधी मावशी गेली. अंगणात बुद्धवंदना झाली, बायकांनी चेहऱ्यावर पांढरं कापड ओढलं, उचलायला माणसं वाकली.

"थांबा," मौसाजी म्हणाले. "पहिले दाखवा."

कापड त्यांनी स्वतःच बाजूला केलं. आम्ही सगळ्यांनी पदर डोळ्यांना लावले. ते मात्र तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले, पुष्कळ वेळ.

"हौ," मग म्हणाले. "पाह्यलं."