मिरचीच्या वखारीवरची ओसरी

गावी राहिलेल्या आणि माझ्यासारख्या गाव सोडून निघालेल्या समस्त मंडळींस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, मी तापीकाठचं घर सोडून नंदुरबारला निघालो त्या सकाळी आमचा डावा बैल शिंकला.

निघताना कुणी शिंकलं की आमच्याकडे निघणारा परत बसतो, घोटभर पाणी पितो आणि मगच उठतो. पण बैलाची शिंक धरायची की नाही यावर ओसरीत बराच वाद झाला. आमचे वडील, म्हणजे दादा, म्हणाले, जनावराची शिंक धरत नाहीत. माय तोवर तांब्या घेऊन आली होती. "बैल बी घरनाच शे. बठ जराक, पाणी पी, मंग जाय." मी बसलो, प्यायलो, निघालो. एकोणीसशे पन्नासच्या दशकातली ही गोष्ट.

कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, नोकरी लागली होती, पण बिऱ्हाड मिळेना. शेवटी एका शेठने ऐन बाजारपेठेत, मिरचीच्या वखारीवरचा माळा दाखवला. पूर्वी तिथेही पोतीच असत. शेठने फळ्या बदलल्या, चुना मारला, खिडक्या पाडल्या, विजेचा दिवा टांगला आणि मधले सगळे आडोसे काढून टाकले. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता हॉल.

"आणि खोल्या?" मी विचारलं.

"भाऊ, मुंबईना सायब लोक आते भिती पाडी ऱ्हायनात," शेठ म्हणाला, "आनि तू भिती मांगी ऱ्हायना?"

मला काही समजलं नाही, म्हणून मी हो म्हणालो.

गावच्या घरात जोडा कुठे काढायचा, पाहुणा कुठवर यायचा, हे पायांनाच ठाऊक होतं. इथे मी जिन्याच्या तोंडाशी जोडा हातात धरून उभा राहायचो. ओसरी कुठे संपते, चूल कुठे सुरू होते, काही कळायचं नाही. माझी बायको सरू गावाहून आली आणि तिचाही तोच घोळ. देव कुठे बसवायचे ते ठरेना. शेवटी उरलेला चुना घेऊन तिने फळ्यांवर रेघा ओढल्या. ही ओसरी, हे माजघर, हे सयपाकघर. दारांसाठी रेघेत जागा सोडली. आम्ही इमानेइतबारे त्या दारांतून ये-जा करू लागलो. घाईच्या वेळीसुद्धा मी वळसा घालून दारातूनच आत जायचो.

मग दादा आले. घर बघायचं, नीट नसलं तर सुनेला परत न्यायचं, असं ठरवूनच आले. सरूला जायचं नव्हतं. तिला एक खिडकी फार आवडली होती. तिथून भरला बाजार दिसायचा आणि बाजाराला ती दिसायची नाही. "माले गावले धाडू नका," एवढंच ती मला म्हणाली होती.

जिन्याच्या तोंडाशी दादा रीतीप्रमाणे खाकरले. सरूने पदर ओढला, पण जायचं कुठे? ती तिकडच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. दादांना काय करावं सुचेना, त्यांनी इकडच्या भिंतीकडे तोंड केलं. मधे मी, इकडचं बोलणं तिकडे पोचवत.

"रेघ म्हंजे काय भित शे?" दादा म्हणाले. "जठे भित नही, तठे सून कशी ऱ्हाई? मी तिले लई जास."

सरूने गाठोडं बांधलं.

दुपारी वखारीत हमाल मिरची उलथवायचे, तेव्हा फळ्यांच्या फटींतून तिचा नाकात झोंबणारा ठसका वर यायचा. दादा उठले आणि सरू शिंकली. दादा बसले, पाणी प्यायले. पुन्हा उठले, तर मी शिंकलो. "हाऊ पोऱ्या मुद्दाम करी ऱ्हायना," असं पुटपुटत ते परत बसले. तिसऱ्यांदा मात्र जिन्यापर्यंत पोचले आणि स्वतःच असे शिंकले की डोक्यावरची टोपी पडली.

स्वतःची शिंक धरायची का? दादा डोळे पुसत माझ्याकडे बघत राहिले.

"दादा, बैलनी बी धरी व्हती," मी म्हणालो.

सरूने तांब्या रेघेवर ठेवला. दादा पाणी प्यायले. तेवढ्यात त्यांची एसटी सुटून गेली.

आज आमच्या घराला विटांच्या भिंती आहेत, दारांना कड्या आहेत. माय आणि दादा आता नाहीत, गावची ओसरी भावाच्या मुलांची झाली. घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी अजून घोटाळतो. गावाचं नाव ओठांवर येतं आणि नाकात मिरची झोंबते. मग वाटतं, निघालेल्याला जिथे कुणी 'बठ जराक' म्हणतं, ते घर असावं. पण तेही नक्की सांगता येत नाही.

नक्की सांगता येते ती त्या संध्याकाळची गोष्ट. भाकरी खाऊन दादा चुन्याच्या ओसरीत आडवे झाले होते. सुनेशी ते कधी थेट बोललेले नव्हते. पण त्यांनी पाय लांब केले, दचकून परत ओढून घेतले, आणि भिंतीकडे तोंड करायचं विसरून बोलून गेले,

"सरू बेटा, ती रेघ जराक तिकडे सरकाव. मन्हा पाय तुन्हा सयपाकघरमा जाई ऱ्हायनात."