टेकूचं उट्टं

आमच्या वन्सं रागावत नाहीत, डूख धरतात. या घरात मी सून म्हणून आले त्याच आठवड्यात त्यांनी हे मला हसत हसत सांगून ठेवलं होतं, म्हणजे पुढे तक्रार नको.

त्या लोखंडाच्या कारखान्यात क्रेन चालवतात. छताखाली रुळांवर सरकणारी एवढीशी केबिन, पायाखाली काच, काचेखाली लोंबणारं टनावारी ओझं. शिडी चढून आत बसलं की तिथे कुणाचा शब्द पोचत नाही. नवरा गेल्यावर दोन चांगली स्थळं आली होती. या केबिनपायी वन्संनी दोन्ही परतवली.

पन्नाशी ओलांडताना पाळी थांबली आणि अंगातून वाफा निघू लागल्या. घामाने हातातले क्रेनचे दांडे निसटायला लागले, तेव्हा त्या बाईडॉक्टरांकडे गेल्या. हॉर्मोनच्या गोळ्या सुरू झाल्या, वाफा ओसरल्या. रक्तदाब मधूनमधून तपासत राहा, असं बाईंनी बजावलं होतं. ते वन्संनी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं.

मग कारखान्याची वार्षिक तपासणी आली. रक्तदाब चांगलाच चढलेला. काही औषधं चालू आहेत का, असं कारखान्याच्या डॉक्टरांनी विचारलं. दारात सुपरवायझर उभा. सदा कुठल्या ना कुठल्या चौकटीला टेकलेला असतो म्हणून बायका त्याला टेकू म्हणतात. वन्सं म्हणाल्या, काही नाही. तिथल्या सगळ्याच बायकांची ही रीत होती. असल्या गोळ्या औषधात धरायच्याच नाहीत, निदान पुरुषासमोर तरी नाही.

क्रेन गेली. टेकूने केबिनमध्ये आपला मेहुणा चढवला आणि वन्संना गोदामात नट-बोल्ट निवडायला बसवलं. शिवाय चहाच्या वेळी सगळ्यांदेखत म्हणाला, "या वयात बायकांचं डोकं तापतंच. वर बसवलं असतं तर एखादं ओझं आपल्याच टाळक्यात."

लोक हसले. वन्संही हसल्या. घरी येऊन त्यांनी चप्पल काढली आणि शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, याला मी सोडणार नाही."

मी म्हटलं, जरूर नका सोडू, पण आधी बाईडॉक्टरांकडे चला. बाईंनी आकडा बघून कपाळाला हात लावला. पाळी थांबल्यावर रक्तवाहिन्या सैल ठेवणारं हॉर्मोन आटतं, वयही असतं, त्यामुळे रक्तदाब तसाही वर सरकतो, असं त्यांनी समजावलं. त्यात पोटातून घेतलेली हॉर्मोनची गोळी आधी यकृतात जाते आणि काही जणींचा दाब आणखी वाढवते. कातडीवर चिकटवायची पट्टी सहसा तसं करत नाही. त्यांनी गोळी बदलून पट्टी दिली, रक्तदाबाची एक छोटी गोळी दिली, मीठ कमी करायला आणि रोज चालायला सांगितलं.

अळणी जेवण वन्संनी कसं गिळलं ते मी पाहिलंय. एक घास खायच्या आणि टेकूचं नाव घ्यायच्या.

काही महिन्यांत आकडा खाली आला. फेरतपासणीला डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. टेकू चौकटीत होताच. या वेळी वन्संनी शेडभर ऐकू जाईल असा आवाज लावला.

"हो, चालू आहेत. माझी पाळी गेली. ओटीपोटावर हॉर्मोनची पट्टी लावते. मागच्या वेळी खोटं बोलले, कारण हा माणूस इथे उभा होता. प्रत्येक बाईच्या तपासणीला उभा असतो. आज त्यालाही ऐकू दे. का रे, आणखी सांगू?"

टेकूचे कान लाल झाले. डॉक्टर उठले आणि त्यांनी त्याच्या तोंडावर दार लावलं. बाहेर रांगेतल्या बायका फिदीफिदी हसत होत्या. दाब दोनतीनदा मोजून, बाईडॉक्टरांची चिठ्ठी वाचून, डॉक्टरांनी वन्संना क्रेन परत दिली. मेहुणा नट-बोल्टांत गेला.

मला वाटलं, फिटलं. पण लोंबत्या ओझ्याखालून कुणी जायचं नाही, भोंगा वाजला की मागे फिरायचं, हा शेडचा नियम. हल्ली टेकू चहाला निघाला की नेमकं त्याच्याच वाटेवर ओझं येतं. भोंगा वाजतो. मग तो भर उन्हात अख्ख्या शेडला वळसा घालून जातो. तक्रार कसली करणार, सगळं नियमाप्रमाणे.

परवा मी म्हटलं, "वन्सं, आता पुरे की."

अळणी भाकरीचा घास मोडत त्या म्हणाल्या, "अजून त्याचे नुसते पायच दुखतायत, वहिनी."