मधावर खरबूज

मर्गिलानच्या सोतिबोल्दी आचाऱ्याच्या पलोवाला, म्हणजे मांस घातलेल्या पुलावाला, आजवर कुणी नाव ठेवलं नाही. पण त्याचं तोंड? ते सोसायला लोखंडाचं काळीज हवं. "जिऱ्याचं लग्न मेंढीच्या चरबीशी लागलंय, तिथे मिरीने लुडबुड कशाला करायची?" असं तो भर मांडवात यजमानालाच सुनवायचा. बिहीच्या फळाची फोड कुठल्या मांसाशी सुखाने नांदेल, मनुका कुणाच्या डोक्यावर मिरे वाटेल, सगळं त्याला तोंडपाठ. मोहल्ला आदराने त्याला अका म्हणायचा आणि तो दिसला की गल्ली बदलायचा. बायको गेल्यापासून मात्र या जोड्या जुळवणाऱ्याच्या घरात अकरा वर्षं एकच वाटी विसळली जात होती.

बाजारात लोणची विकणाऱ्या विधवा हुरिनिसोचं लसणीचं लोणचं त्याने एकदा चाखलं, पुन्हा चाखलं, आणि त्याला खोट काढता येईना. तिथेच गडी गारद झाला.

थोरली बहीण इनोयात त्याला घेऊन मागणी घालायला निघाली. "तुझी जीभ म्हणजे नुसती सुरी. तिथे तरी गोड बोल रे बाबा!" म्हणत उंबऱ्यातच तिने त्याच्या तोंडात तीन चमचे मध कोंबला.

हुरिनिसोने दोघांना अंगणातल्या चौथऱ्यावर बसवलं, खरबूज कापलं, चव बघायला एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि पहिली फोड सोतिबोल्दीपुढे धरली.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मधावर खरबूज म्हणजे मरण, हे मर्गिलानमध्ये शेंबडं पोरही सांगेल. त्याने तर जन्मभर लोकांच्या हातातून अशा फोडी हिसकावल्या होत्या.

"घ्या की, अका. का माझ्या हातचं चालत नाही?"

"पोट बिघडलंय म्हण," इनोयात कानाशी पुटपुटली.

पण हुरिनिसोचा हात खाली यायला लागला होता आणि चेहराही उतरत चालला होता. ते त्याला बघवेना. त्याने फोड घेतली, सालापर्यंत खाल्ली आणि आणखी दोन मागून घेतल्या. मरायचंच आहे तर पोटभर खाऊन मरू, असा त्याचा हिशेब.

मग तो चौथऱ्यावर आडवा झाला. "इनोयात, माझी मोठी कढई मशिदीला दे. आणि त्या मुरोद आचाऱ्याला सांग, तुझ्या पलोवातल्या हळदीला अल्लाही माफी देणार नाही."

"अगंबाई, यांना झालं काय?" हुरिनिसो दचकली. इनोयातने हुंदके देत मधाचं सांगून टाकलं.

"ठाऊक असून खाल्लंत?"

"तू कापलं होतंस ना," तो डोळे मिटून म्हणाला.

हुरिनिसो आत गेली, मधाची वाटी घेऊन आली, एक मोठा चमचा खाल्ला आणि त्याच्या शेजारी बसली. "आता बघू कोण आधी जातं."

उन्हं कलेपर्यंत तिघं वाट बघत बसली. कुणी गेलं नाही. सोतिबोल्दीला फक्त एक दणदणीत ढेकर आला.

"खरं सांगू?" तो पडेल आवाजात म्हणाला, "जोडी वाईट नाही लागत." चाळीस वर्षांची पंडिती पाण्यात गेली होती, बिचाऱ्याचे डोळे भरून आले.

हुरिनिसोने डोळ्यांतलं पाणी पुसलं, त्याचंही आणि स्वतःचंही. मग सोयरीक पक्की झाली की मोडतात तशी एक नान उचलून इनोयातच्या हातात दिली.

"मोडा, ओपाताई, आणि लग्न ठरलं म्हणून सांगा मोहल्ल्याला. यांच्यात धुगधुगी आहे तोवर!"